प्राध्यापक दि. ब. देवधर

पुण्याहून मुंबईकडे जाताना पिंपरी-चिंचवडची वस्ती मागे पडली, की द्रुतगती मार्गालगत गहुंजे हे गाव लागते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे भव्य मैदान येथेच आहे. ते २०१२ साली खुले झाले. मोठा सामना असला, म्हणजे पाळी संपवून आलेले कामगार, शाळा-महाविद्यालयांतील मुले आणि आसपासच्या गावांतील आबालवृद्ध येथे हजारोंच्या संख्येने जमतात. आवडता फलंदाज मैदानात उतरला, की त्याच्या एकट्याच्या नावाचा गजर होऊ लागतो. त्या गजरात उरलेल्या दहा खेळाडूंची आठवण फारच थोड्यांना राहते.

प्रेक्षकांचे हे वागणे स्वाभाविक आहे; परंतु कर्णधाराला असे वागून भागत नाही. एकच पराक्रमी खेळाडू सारे काही करील, असे मानून तो स्वस्थ बसला, तर बाकीचे दहा जण खेळाडू न राहता नुसते बघे बनतात. उलट, सर्वांना अगदी समान लेखण्याच्या भरात त्याने पराक्रमी खेळाडूच्या गुणांना वाव दिला नाही, तर संघाचे मुख्य शस्त्रच म्यान होते. हा तोल कसा सांभाळावा, हा प्रत्येक सांघिक खेळातील कठीण प्रश्न आहे. बास्केटबॉलमध्ये पाच खेळाडू मैदानात असतात आणि बाकीचे कडेच्या बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहतात. दमलेल्या खेळाडूस बाहेर बोलावून ताज्या दमाचा गडी आत पाठविण्याची तेथे मुभा असते. जुन्या काळच्या क्रिकेटमध्ये अशी सोय नव्हती. अकरांतील कोणी जायबंदी झालाच, तर त्याच्या बदली येणाऱ्यास केवळ क्षेत्ररक्षण करता येई; बॅट किंवा चेंडू त्याच्या हाती देता येत नसे. त्यामुळे संघाचे राखीव बळ बाकावर ठेवून उपयोग नसे. ते अकरा जणांच्या अंगीच साठवावे लागे. हे मर्म ओळखून महाराष्ट्राचा संघ ज्यांनी उभा केला, ते कर्णधार म्हणजे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. त्या काळी पिंपरी, चिंचवड आणि चाकण ही पुण्याच्या उत्तरेकडची साधी गावे होती. आज जेथे मोटारींचे कारखाने रात्रंदिवस चालतात, तेथे तेव्हा ज्वारी-बाजरीची शेते डोलत असत. पुणे शहर मात्र विद्येचे आणि चळवळींचे केंद्र म्हणून गाजत होते. सुखवस्तू आणि सुशिक्षित घरांतूनही खेळाकडे फारशा आदराने पाहिले जात नसे. मुलाने अभ्यास करावा, परीक्षा उत्तीर्ण व्हावी आणि नोकरीस लागावे, एवढीच बहुतेक आईबापांची अपेक्षा असे. देवधरांनी विद्या आणि खेळ यांत वैर आहे, असे कधी मानले नाही. त्यांनी संस्कृत भाषेचा व्यासंग केला आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. वर्गात संस्कृत काव्य शिकविणारे हे अध्यापक मैदानात उतरले, की निर्भय फलंदाज म्हणून ओळखले जात. १९११ साली त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत पदार्पण केले. त्यानंतर सदतीस वर्षे त्यांचे या खेळाशी असलेले नाते तुटले नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळण्याचा योग फारच थोड्यांच्या वाट्याला आला. देवधर हे त्यांपैकी एक होत.

१९२६ सालच्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम.सी.सी. हा नामांकित संघ हिंदुस्थानात आला. हिंदी खेळाडूंची योग्यता कितपत आहे, हे जगाला दाखविण्याची ही संधी होती. मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर हिंदी संघाची या पाहुण्यांशी गाठ पडली. पाहुण्यांनी पहिल्या डावात ३६२ धावा काढल्या. देवधर तेव्हा चौतीस वर्षांचे होते. गोऱ्या गोलंदाजांच्या भेदक माऱ्याला न डगमगता त्यांनी १४८ धावा केल्या आणि हिंदी संघाने पहिल्या डावात आघाडी मिळविली. राज्यकर्त्यांच्या देशातील संघापुढे आपले खेळाडू ताठ मानेने उभे राहू शकतात, हे त्या दिवशी हजारो प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढे १९३२ साली हिंदुस्थानला पहिला कसोटी सामना खेळण्याचा मान मिळाला. इंग्लंडला जाणाऱ्या संघाची निवड झाली. त्या यादीत देवधरांचे नाव नव्हते. त्यांचे वय चाळीस वर्षांचे झाले होते. ज्या मानासाठी आपण झटलो, तो मान मिळण्याच्या वेळीच आपण बाहेर राहावे, यासारखी निराशेची गोष्ट खेळाडूच्या आयुष्यात दुसरी नसते. देवधरांना पुढेही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. दुसरा एखादा खेळाडू खिन्न होऊन मैदानाकडे पाठ फिरविता. देवधरांनी तसे केले नाही. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे कार्य तर यानंतरच घडले.

१९३४-३५ च्या हंगामापासून रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. निरनिराळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे संघ त्यांत उतरू लागले. पहिली दोन वर्षे मुंबईने करंडक पटकाविला. तिसऱ्या वर्षी तो नवानगरकडे गेला. नवानगरसारख्या संस्थानांना राजाश्रय होता. चांगला खेळाडू दिसला, की संस्थानिक त्याला पदरी ठेवीत आणि आपल्या संघात घेत. महाराष्ट्राच्या संघाला असा कोणी धनवान आश्रयदाता नव्हता. मुंबईसारखी नावाजलेल्या खेळाडूंची रांगही त्याच्याजवळ नव्हती. महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी आणि नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ सराव करणारे तरुण, हेच त्याचे मुख्य बळ होते. या संघाची धुरा देवधरांच्या खांद्यावर आली.

संघात तेजस्वी खेळाडू नव्हते, असे मात्र नाही. सांगलीचे विजय हजारे हे त्यांपैकी सर्वांत थोर. शांत स्वभाव, भक्कम बचाव आणि एकदा पाय रोवले, की दिवसदिवस खेळत राहण्याची चिकाटी यांमुळे ते प्रतिपक्षाला भारी पडत. गोलंदाज म्हणूनही ते उपयुक्त होते. रंगा सोहोनी हे दुसरे गुणी खेळाडू. नवा चेंडू टाकणे आणि धावा काढणे, ही दोन्ही कामे ते करीत. अशा खेळाडूंवर सारी भिस्त ठेवण्याचा मोह कोणत्याही कर्णधाराला झाला असता. परंतु क्रिकेटमध्ये थोर फलंदाजदेखील एका चेंडूवर बाद होतो. तो बाद झाला, की डाव संपला, अशी ज्या संघाची अवस्था असते, तो संघ एखादा सामना जिंकेल. पण करंडक जिंकणार नाही. बाद होणाऱ्या संघाने घरी जावयाचे, असा त्या स्पर्धेचा नियम होता. त्यामुळे एकच वाईट दिवस वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवावयास पुरेसा होता.

म्हणून देवधरांनी संघातील शेवटच्या खेळाडूकडेही तितकेच लक्ष पुरविले. शिस्त, शारीरिक क्षमता आणि चपळ क्षेत्ररक्षण यांवर त्यांचा कटाक्ष असे. क्षेत्ररक्षणात थोर आणि लहान असा भेद उरत नाही. सीमेकडे धावणारा चेंडू अडविणाऱ्याने वाचविलेल्या चार धावा या फलंदाजाने काढलेल्या चार धावांइतक्याच मोलाच्या असतात. आज पिंपरी-चिंचवड किंवा चाकण येथील मोटारींच्या कारखान्यात गेले, तर हेच तत्त्व दुसऱ्या रूपाने दिसते. इंजिन हा मोटारीचा प्राण खरा. पण चाकाचा एक नट नीट आवळला गेला नाही, तर तीच मोटार रस्त्यावर उभी करता येत नाही. आणि नट आवळणारा कामगार एक दिवस आला नाही, तर त्याची जागा घेणारा दुसरा कामगार तयार असावा लागतो.

या शिकवणीची परीक्षा १९३९-४० च्या हंगामात झाली. पुण्याच्या मैदानावर महाराष्ट्राचा सामना बडोद्याशी होता. हजारे एका बाजूने धावांची रास रचीत होते. पण दुसऱ्या बाजूने एकेक सोबती बाद होत गेला. आठ गडी बाद झाले. आता उरले ते मुख्यतः गोलंदाज. अशा वेळी शेवटचे फलंदाज फार काळ टिकत नाहीत आणि एका बाजूला नाबाद राहिलेला वीर अपुऱ्या पराक्रमानिशी परत येतो, हा नेहमीचा अनुभव. त्या दिवशी तसे झाले नाही. हजारे यांच्या जोडीला नरिमन नगरवाला आले. त्यांनी केवळ तग धरला नाही, तर धावाही काढल्या. या दोघांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागी केली. हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकाच्या इतिहासातील ते पहिले त्रिशतक होय. नगरवाला ९८ धावांवर बाद झाले. त्यांचे शतक दोन धावांनी हुकले. त्रिशतकाची कीर्ती देशभर पसरली आणि ती योग्यच होती. परंतु नवव्या गड्याच्या त्या सोबत्याने साथ दिली नसती, तर ते त्रिशतक घडलेच नसते. पुढे नगरवाला यांनी कसोटी सामन्यांत पंच म्हणूनही काम केले.

त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राची गाठ संयुक्त प्रांताशी पडली. पुण्यात झालेला हा सामना महाराष्ट्राने दहा गडी राखून जिंकला. राजाश्रय नसलेल्या, विद्यार्थी आणि नोकरदार यांच्या संघाने प्रथमच रणजी करंडक मिळविला.

यश मिळविण्यापेक्षा ते टिकविणे अवघड असते. पुढील हंगाम सुरू झाला, तेव्हा कर्णधाराची पन्नाशी जवळ येऊन ठेपली होती. ज्या वयात इतर खेळाडू सामन्याच्या आठवणी सांगत बसतात, त्या वयात देवधर मैदानात धावत होते. आपण मैदानात आहोत, म्हणजे एक जागा आपण अडविली आहे आणि एखादा होतकरू तरुण तिच्यासाठी बाहेर थांबला आहे, ही गोष्ट कर्णधाराला विसरून चालत नाही. अशा कर्णधाराला आपली जागा मानाने नव्हे, तर कामाने राखावी लागते. देवधरांवर ती वेळ आली आणि प्रतिपक्षही तसाच बलाढ्य मिळाला. तो संघ होता मुंबईचा.

१९४०-४१ च्या हंगामात पुण्यात झालेला महाराष्ट्र आणि मुंबई यांचा तो सामना अविस्मरणीय ठरला. महाराष्ट्राची फलंदाजी प्रथम झाली. देवधरांनी स्वतः २४६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील त्यांची ही सर्वोच्च धावसंख्या होय. महाराष्ट्राचा डाव ६७५ धावांवर संपला. एवढी प्रचंड धावसंख्या पाहून सामन्याचा निकाल लागल्यासारखाच आहे, असे पुष्कळांना वाटले असेल. पण मुंबईचे फलंदाज हार मानणारे नव्हते. खंडू रांगणेकर यांनी २०२ धावा केल्या. मुंबईची धावसंख्या चारशे झाली, पाचशे झाली, सहाशेही ओलांडली. महाराष्ट्राची आघाडी घटत घटत निघाली. सामना पुरा न झाल्यास पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक, तो विजयी, असा नियम असल्यामुळे आता एकेका धावेला सोन्याचे मोल आले होते. अखेर मुंबईचा डाव ६५० धावांवर आटोपला. महाराष्ट्राला केवळ २५ धावांची आघाडी मिळाली आणि तेवढ्यावर मुंबईचे आव्हान संपुष्टात आले.

या सामन्याचा हिशेब बोधप्रद आहे. ६७५ धावांपैकी २४६ धावा कर्णधाराच्या होत्या. म्हणजे उरलेल्या ४२९ धावा इतरांच्या खात्यातून आणि अवांतर धावांतून आल्या. कर्णधाराच्या २४६ धावा नसत्या, तर महाराष्ट्र हरला असता, यात शंका नाही. पण शेवटच्या दोन-तीन फलंदाजांनी निष्काळजीपणे आपले बळी गमावून पंचवीसच धावा कमी केल्या असत्या, तरीही ती आघाडी नाहीशी झाली असती. सहाशेपन्नास धावांच्या डावात क्षेत्ररक्षकांनी थकून एकेक धाव सोडून दिली असती, तरीही तेच झाले असते. पर्वताएवढ्या दोन धावसंख्यांमधील अंतर किती थोडे होते! ते अंतर एकट्याने राखले नाही आणि एकट्यावाचून ते पडलेही नसते.

मुंबईवरील या विजयानंतर महाराष्ट्राचा संघ पुढे गेला आणि अंतिम सामन्यासाठी मद्रासला पोहोचला. तेथे मद्रासच्या संघाचा त्याच्याच शहरात सहा गडी राखून पराभव करून देवधरांच्या संघाने सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. 

त्यानंतर हजारे बडोद्याकडून खेळू लागले. महाराष्ट्राचा सर्वांत थोर फलंदाज प्रतिपक्षाकडे गेला आणि पुढे बडोद्याने करंडकही जिंकला. थोर खेळाडू गेल्याने संघाचे बळ उणे झाले, हे खरे. राखीव बळ कितीही जोपासले, तरी अलौकिक गुणाची जागा ते पूर्णपणे भरून काढू शकत नाही. पण अशा बळामुळे संघ कोसळत मात्र नाही. महाराष्ट्राचा संघ उभा राहिला आणि त्याच्यात नवे खेळाडू पुढे येत राहिले. १९४४ साली नवानगरविरुद्धच्या सामन्यात देवधरांनी दोन्ही डावांत शतके झळकाविली. पहिल्या डावात १०५ आणि दुसऱ्या डावात १४१. तेव्हा त्यांचे वय बावन्न वर्षांचे होते.

१९४८ साली देवधर प्रथम श्रेणीच्या खेळातून निवृत्त झाले. ८१ सामन्यांत त्यांनी ४,५२२ धावा केल्या होत्या आणि नऊ शतके काढली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध खेळताना महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांच्या जोडीला कमल भांडारकर होते. त्यांनी २०५ धावा केल्या आणि दोघांनी मिळून दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी रचली. निंबाळकरांच्या त्या विक्रमी खेळीमागेही एका भक्कम सोबत्याचा आधार होता.

निवृत्तीनंतरही देवधरांचे मैदानाशी नाते राहिले. त्यांनी खेळाडूंच्या निवड समितीवर काम केले, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद भूषविले आणि या खेळाविषयी लेखनही केले. खेळाचे संस्कार त्यांनी आपल्या घरीही केले. मुलींनी मैदानावर जाणे समाजाला फारसे रुचत नव्हते, अशा काळात त्यांच्या सुमन, सुंदर आणि तारा या तिघी कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. भारत सरकारने देवधरांना १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण हे किताब दिले. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. ती एखाद्या एकाच खेळाडूच्या गौरवासाठी नव्हती. देशाच्या निरनिराळ्या विभागांचे संघ तीत एकमेकांसमोर उभे राहत.

देवधरांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेल्या भारतीयांमध्ये हा मान मिळविणारे ते पहिलेच. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. १९९६ साली भारतीय डाक खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या एका आयुष्यात पुण्याच्या शेजारची गावे कारखान्यांची नगरे झाली, परकी राजवट संपली आणि खेळाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी पालटली.

देवधरांना कसोटी संघात स्थान मिळाले नाही. पण योग्यता असूनही बाहेर राहणाऱ्याला काय वाटते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. आपल्या संघात त्यांनी तेजस्वी खेळाडूचे तेज झाकू दिले नाही आणि सामान्य खेळाडूला सामान्य म्हणून वाऱ्यावरही सोडले नाही. प्रत्येकाकडून त्याच्या शक्तीएवढे काम घेतले आणि सर्वांत मोठा वाटा स्वतः उचलला. महाराष्ट्राने सलग दोन वर्षे जिंकलेला रणजी करंडक हे त्या नेतृत्वाचे फळ होते. मैदान खेळाचे असो, शाळेचे असो किंवा कारखान्याचे असो, दहा जणांना घेऊन ज्याला पुढे जावयाचे आहे, त्याने या संस्कृतच्या प्राध्यापकाचे चरित्र अवश्य आठवावे.